टोलच्या पावतीवर काय छापाल?

मंडळी, काही वर्षांपूर्वी रेल्वेने तिकिटांवर एक ओळ छापायला सुरुवात केली. प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी 57 टक्केच भाड्यातून निघतात, उरलेला 43 टक्के भार देशातली सामान्य जनता उचलते, असा तिचा मतलब. ही ओळ वाचायची कोणी? सकाळी अंबरनाथला डब्यात शिरता येत नाही म्हणून आधी उलटं बदलापूरला जाणाऱ्याने, आणि त्याच गाडीत जागा धरून परत मुंबईकडे निघणाऱ्याने. तो सामान्य जनतेत बसत नाही वाटतं!

आकडा खोटा आहे, असं माझं म्हणणं नाही. हिशेब एकाचाच मांडला, ही माझी तक्रार. रेल्वेचं सगळं एका वहीत येतं: रूळ, सिग्नल, गाड्या, फलाटाची झाडलोट, आरपीएफ, अगदी निवृत्त गँगमनचं पेन्शनसुद्धा. म्हणून तोटा चटकन दिसतो. रस्त्याचं तसं नाही. रस्ता बांधणार सार्वजनिक बांधकाम खातं, एमएमआरडीए नाहीतर नगरपालिका. चौकातला हवालदार गृहखात्याचा, अपघातातला जखमी सरकारी रुग्णालयाचा. या वह्या एका टेबलावर आणून बेरीज करायची कोणाला हौस नाही.

मोटारवाले म्हणतील, आम्ही पेट्रोलवर कर भरतो. भरता, कबूल. पण गल्लीतल्या काँक्रीटला घरपट्टीचाही पैसा लागतो, आणि ती घरात सायकलसुद्धा नसलेली आजीही भरते. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाच नाक्यांवर मोटारींना टोल माफ झाला. रस्ते-पुलांच्या देखभालीचा खर्च काही माफ झाला नाही. विमानाचंही तेच: ‘उडान’ योजनेत छोट्या मार्गांवरची तूट भरून देतात. ते ‘प्रादेशिक विकास’, आणि आपला पास मात्र ‘सवलत’!

सरकारी पैशाचा हा खेळ नवा नाही. कल्याण-बदलापूरकडच्या आपल्या दारातला लोहमार्ग 1856 पासूनचा. तो टाकणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनी खासगी, पण भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी सरकारची, आणि कमी पडेल ते इथल्या महसुलातून. म्हणजे लंडनचा भागधारक निर्धास्त आणि भार आपल्या शेतकऱ्यावर. आज भार प्रवाशाच्या नावावर टाकला जातो, एवढाच फरक.

आता घरचं बघा. कल्याणपासून बदलापूरपर्यंत दोनच मार्ग. त्यांवरून लोकलही जायची, पुण्याची मेल-एक्सप्रेसही आणि मालगाडीही. एक्सप्रेसला वाट द्यायची म्हणून आपली लोकल थांबवतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ‘3ए’ टप्प्यात (एमयूटीपी-3ए) 2019 साली मंजूर झाली. सुमारे 14 किलोमीटर, खर्च दीड हजार कोटींच्या आसपास, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. तिकडे 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूला जवळपास अठरा हजार कोटी लागले आणि जानेवारी 2024 मध्ये तो खुलाही झाला. समुद्रावरचा पूल आणि जमिनीवरचे रूळ यांची किंमत सारखी असणार नाही, हे मलाही कळतं. पण सेतूवर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे, तेव्हा तो कोणासाठी बांधला, हे विचारायला हरकत नसावी.

रेल्वेला सरकारी पैसा मिळतो म्हणून लाजायचं कारण नाही. तो मिळायलाच हवा, आजच्यापेक्षा जास्त. तिकिटावर ओळ छापायची तर टोलच्या पावतीवर आणि विमानाच्या बोर्डिंग पासवरही छापा. आणि तुम्ही, मंडळी, उमेदवार दारी आला की नव्या उड्डाणपुलाचं चित्र बघत बसू नका. तिसऱ्या मार्गिकेवरून पहिली लोकल कोणत्या तारखेला सुटणार, एवढंच विचारा.