विद्येचे मोजमाप

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती श्रमविभागणी होती. 1862 साली रानडे आणि भांडारकर मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले, ते याच तराजूत तोलले जाऊन. तेव्हापासून विद्येचे माप म्हणजे परीक्षा आणि विद्यार्थ्याच्या निष्ठेचे माप म्हणजे हजेरीपट, ही समजूत आपल्याकडे दृढमूल झाली आहे. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची, असा अभिप्राय 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने दिला होता. तो व्याख्यानांतून जितका उद्धृत झाला तितका आचरणात आला नाही.

गुणपत्रिकेचा एक मोठा दोष असा की, विद्यार्थी विद्यापीठात आला तेव्हा कोठे होता आणि जाताना कोठे पोहोचला, हे अंतर ती सांगत नाही. निवडक हुशार मुलांनाच प्रवेश देणाऱ्या महाविद्यालयाचा निकाल उज्ज्वल लागतो. परंतु त्यात महाविद्यालयाचे कर्तृत्व किती आणि त्या मुलांनी घरून आणलेली पुंजी किती, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. हजेरीपटाविषयी तर बोलावयासच नको. मित्राच्या नावाने 'हजर' म्हणणारा आवाज प्रत्येक वर्गात असतो, आणि स्वतः हजर असणाऱ्याचे चित्त कोठे असते हे पटावर उमटत नाही.

हे अंतर मोजण्याचे प्रयत्न अमेरिकेत विशेष झाले. तेथे रॉबर्ट पेस या अभ्यासकाने 1979 च्या सुमारास विद्यार्थ्यांनाच विचारावयास आरंभ केला की, तुम्ही ग्रंथालयात काय करता, प्राध्यापकांशी कितीदा बोलता, लिहिलेला निबंध पुन्हा लिहिता काय? प्रयत्नांचा कस पाहावा, ही त्यामागील दृष्टी. त्याच विचाराची व्यापक पाहणी इंडियाना विद्यापीठातून 2000 सालापासून होऊ लागली. प्रथम वर्षाच्या व अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती प्रश्नावली दिली जाते. तिच्यातील दोष उघड आहे. आठवड्यात किती तास अभ्यास केला, हे कोणाला नेमके आठवते? आणि एकाचे 'वारंवार' ते दुसऱ्याचे 'क्वचित' असू शकते.

दुसरा प्रयत्न प्रत्यक्ष कसोटीचा. तिचे स्वरूप मोठे मनोरंजक आहे. विद्यार्थ्याने एका कंपनीच्या अध्यक्षाचा साहाय्यक व्हावयाचे. कंपनी एक लहान विमान विकत घेणार, तोच त्या जातीच्या विमानाला अपघात झाल्याची बातमी येते. विद्यार्थ्यापुढे वृत्तपत्रातील बातमी, सरकारी अपघात-अहवाल, सहकाऱ्यांची पत्रे, आलेख असे कागद ठेवले जातात. दीड तासात त्याने टिपण लिहावयाचे: पंखांच्या रचनेमुळे अपघात होतात हा आरोप पुराव्याने सिद्ध होतो काय? विमान घ्यावे काय? येथे पाठांतराचा उपयोग नाही. कोणता कागद विश्वसनीय, कोणता केवळ ऐकीव, हे पारखता आले पाहिजे.

रिचर्ड अरुम आणि जोसिपा रॉक्सा या समाजशास्त्रज्ञांनी 24 संस्थांतील 2,300 हून अधिक विद्यार्थ्यांना ही कसोटी 2005 साली प्रवेशाच्या वेळी आणि पुन्हा 2007 साली दिली. त्यांचा ग्रंथ 2011 मध्ये निघाला. त्यांच्या मते 45 टक्के विद्यार्थ्यांत दोन वर्षांत लक्षात घेण्याजोगी प्रगती दिसली नाही. या आकड्याने मोठी खळबळ उडाली, आणि आक्षेपही आले. प्रगती आकड्यांत सिद्ध झाली नाही म्हणजे ती झालीच नाही असे नव्हे, हा अलेक्झांडर ॲस्टिन यांचा आक्षेप वजनदार होता. शिवाय ज्या कसोटीवर विद्यार्थ्याचे काहीच अवलंबून नाही तिच्यात तो जीव ओतून लिहील कशाला, ही शंकाही रास्तच. परंतु त्या ग्रंथातील कमी गाजलेला भागच अधिक मोलाचा आहे. ज्यांच्या अभ्यासक्रमांत आठवड्याला चाळीसहून अधिक पाने वाचन आणि सत्रभरात वीसहून अधिक पाने लेखन सक्तीचे होते, ते विद्यार्थी अधिक पुढे गेले. एकट्याने बसून केलेला अभ्यास घोळक्यातील अभ्यासापेक्षा फलदायी ठरला.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. चीन, भारत, रशिया आणि अमेरिका या चार देशांतील संगणकशास्त्र व विद्युत्-अभियांत्रिकीच्या हजारो विद्यार्थ्यांची अशीच तुलना करणारा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय विद्यार्थी पहिल्या दोन वर्षांत शैक्षणिक कौशल्यांत स्पष्टपणे पुढे गेलेले दिसले. चिनी विद्यार्थ्यांत ती वाढ आढळली नाही. म्हणजे आपले प्राध्यापक काही शिकवीतच नाहीत, हा सोपा निष्कर्ष टिकत नाही. मात्र चिकित्सक विचारशक्तीच्या कसोटीत चार वर्षांच्या अखेरीस भारतीय विद्यार्थी जवळजवळ होता तेथेच राहिला. त्याच्या गुणपत्रिकेवर या विषयाचा रकानाच नसल्यामुळे तो प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला असेल, आणि ही गोष्ट त्याला कोणी सांगितलीही नसेल.