सुई गाईला, झळ शेणकिड्याला

मिरग तोंडावर आला आहे. कुणाच्या बांध्यांची मशागत चालू असेल, कुणी पऱ्ह्यांसाठी बी काढून ठेवलं असेल. याच दिवसांत आपण आणखी एक काम उरकतो, पावसाळ्याआधी गुरांना जंताचं औषध देतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. पण औषध पोटात गेल्यावर जंताचं काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. ते औषध पुढं कुठं जातं, ते आज सांगते.

मी गावात पशुसखीचं काम करते. मागच्या श्रावणात आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी, सहावीत शिकणारी, दोन हातांत मातीचे दोन गोळे घेऊन माझ्या दारात आली. लिंबाएवढे, गुळगुळीत. पोरं पावसाळ्यात खेळता खेळता असे गोळे उकरून काढतात, तुम्हीही लहानपणी काढले असतील. एक गोळा तिनं त्यांच्या गाईच्या खुंट्याजवळून काढला होता, दुसरा शेजारच्या खुंट्याजवळून. दोन्ही माझ्यासमोर फोडले. शेजारच्या गोळ्यात पांढरी, गुबगुबीत अळी वळून बसलेली. त्यांच्या गोळ्यात सुकून काळं पडलेलं काहीतरी, दोऱ्याएवढं. मुलगी म्हणाली, "मावशी, आमच्याकडचे सगळेच असे निघाले."

मी म्हटलं, पाणी लागलं असेल. तेव्हा मला तेवढंच सुचलं. पुढं तालुक्याला गुरांच्या दवाखान्यात गेले तेव्हा सहज डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "त्या गाईला कोणती सुई दिली होती?" दिली होती गोचिडाची. दुकानातून बाटली आणलेली, आणि सुई द्यायला मीच सांगितलं होतं.

तो गोळा शेणकिड्याचा. आपण त्याला घाणेरडा म्हणून झटकतो, पण त्याचं काम बघा. शेण पडलं की वासावर तो येतो. पोच्या खाली बीळ करतो, शेण ओढून आत नेतो. मादी त्या शेणाचा गोळा करते, त्यात एकच अंडं घालते. अळी निघाली की तिचं सारं आयुष्य त्या गोळ्यात. तोच तिचा भात, तेच तिचं घर. काही शेणकिडे बीळ करत नाहीत, पोमध्येच राहतात, काही गोळा ढकलत दूर नेतात. पण सगळ्यांमुळे शेण मातीत जातं, माती भुसभुशीत होते, पावसाचं पाणी मुरतं. आणि त्या शेणात वाढणाऱ्या माशा नि जंतांची पिल्लं सुकून मरतात. म्हणजे आपण ज्या जंतासाठी औषध विकत आणतो, त्याला हा किडा फुकटात आवरतो.

आता ती सुई. तिचं नाव आयव्हरमेक्टिन. बाटलीवर कंपनीचं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात हे नाव वाचा. औषध चांगलं आहे, ते मी आधीच सांगते. जपानमधल्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते निघालं, १९८१ पासून गुरांसाठी वापरात आहे, आणि शोधणाऱ्यांपैकी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. माणसांचे आजारही त्यानं हटवले. आपला जिल्हा हत्तीपायासाठी ओळखला जातो. त्या मोहिमेत देशातल्या काही जिल्ह्यांत इतर गोळ्यांबरोबर हीही गोळी देतात. ती तुमच्या दारात आली तर खुशाल घ्या, माझ्या आजच्या बोलण्यानं नाकारू नका. मी गुरांच्या सुईबद्दल बोलते आहे.

हे औषध गाईच्या अंगात फारसं मोडत नाही. बहुतेक सगळं शेणातून बाहेर पडतं, तेही काम करण्याची ताकद घेऊन. पहिला आठवडा शेण सगळ्यात कडक असतं, पण किड्यांच्या अळ्यांना पुढं दोन ते चार आठवडे त्रास होतो. मोठा किडा बऱ्याचदा लगेच मरत नाही. तो येतो, शेण नेतो, गोळा करतो, अंडं घालतो. मरते ती आतली अळी. स्पेनमधल्या अभ्यासकांना असंही दिसलं की असं शेण खाल्लेल्या मोठ्या किड्याला वास नीट येत नाही आणि त्याची ताकदही घटते.

म्हणून हे नुकसान दिसत नाही. यंदा पो साफ होतो, कारण आई आलेली असते. पुढच्या साली तिची पोरंच नसतात. माशीचं तसं नाही, ती शेकड्यांनी अंडी घालते आणि महिन्याभरात पुन्हा भरून येते. शेणकिड्याच्या मादीची अंडी मोजकी, त्यात पावसाळा हाच त्यांचा मोठा हंगाम. आणि आपण सुई देतो नेमकी मिरगाला.

शेण पडून राहिलं तर काय होतं, ते ऑस्ट्रेलियानं भोगलं. तिथं गोरे लोक गाई घेऊन गेले, पण तिथले किडे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईचं पातळ शेण तसंच वाळत राहिलं, चारा झाकला गेला, माशांनी माणसं हैराण झाली. शेवटी १९६० च्या दशकापासून तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतून आणि इतर देशांतून शेणकिडे आणून सोडले. आपल्याकडे ते आयते आहेत. आणि इंग्लंडमध्ये १९८७ साली शास्त्रज्ञांनी वासरांच्या पोटात हेच औषध हळूहळू सोडणारी गोळी ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या शेणाचे पो शंभर दिवसांनीही जवळपास तसेच होते. बिनऔषधाचे विरून गेले होते.

गिधाडांचं तुम्हाला आठवत असेल. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक देत, मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरत. कारण सापडलं २००४ साली, गुरांसाठी बंदी आली २००६ साली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. शेजारच्या गडचिरोलीत वनखात्याला गिधाडांसाठी खाण्याच्या वेगळ्या जागा कराव्या लागल्या. गिधाड निदान मोठं, नाहीसं झाल्याचं कळतं. किडा कोण मोजतो?

आता आपल्या धानपट्ट्याची खास गोष्ट, आणि ही नीट ऐका. आपल्या गुरांना मोठा त्रास असतो चपट्या कृमींचा, काळजातल्या आणि पोटातल्या. बांधीच्या नि बोडीच्या पाण्यात गोगलगाय असते, तिच्यातून हा कृमी काठाच्या गवतावर येतो आणि गुरं तेच गवत खातात. मग पातळ हगवण, डोळ्याची आतली बाजू पांढुरकी, जबड्याखाली पाण्याची सूज. या चपट्या कृमीवर आयव्हरमेक्टिन चालतच नाही! पट्टकृमीवरही नाही. म्हणजे जबडा सुजलेल्या म्हशीला आपण ती सुई टोचली तर कृमी तसाच राहतो, पैसे जातात आणि शेणकिडा मरतो. मी हे किती जणींकडे केलं असेल, विचार केला की वाईट वाटतं.

म्हणून आधी शेण तपासून घ्यायचं. सकाळचं ताजं शेण, जमिनीला न लागलेलं, सुपारीएवढं. स्वच्छ डबीत घालून वर जनावराची खूण लिहायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात द्यायचं. गटातल्या आठ-दहा जणींनी मिळून एकीच्या हाती पाठवलं तर एका फेरीत होतं. चपट्या कृमीची अंडी दिसली तर डॉक्टर ऑक्सिक्लोझानाइडसारखं औषध लिहितील. गोल जंत असले तर फेनबेंडाझोलनं बहुतेक वेळा भागतं, आणि त्याचा शेणकिड्यांना फारसा त्रास नाही. आल्बेंडाझोल मात्र गाभणपणाच्या सुरुवातीला देत नाहीत, तेव्हा गाय कधी भरली ते डॉक्टरांना सांगा. ज्या जनावराला गरज नाही त्याला काहीच देऊ नका. तेच औषध दरवेळी सगळ्यांना दिलं की जंतही त्याला सरावतात.

गोचिडासाठी पहिली धाव सुईकडे नको. कोठ्याच्या भिंतीच्या भेगांत गोचीड अंडी घालते, त्या भेगा लिंपून चुना मारा. हातानं काढलेली गोचीड रॉकेलमध्ये टाका, पायाखाली चिरडू नका. कोंबड्या कोठ्यात फिरू द्या, त्या टिपून खातात. अंगावर फवारायची डेल्टामेथ्रिनसारखी औषधंही शेणात उतरतात आणि ती मोठ्या किड्यालाही मारतात, तेव्हा तीही मोजूनच.

खरूज किंवा फार गोचीड झाली आणि डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनच सांगितलं, तर द्या. जनावराचे हाल करायचे नाहीत. पण वजनाप्रमाणे द्या, आणि दुभत्या जनावराला विचारल्याशिवाय देऊच नका, ते दुधातही उतरतं. सुईनंतर निदान पंधरा दिवस ते जनावर आखरावर सोडू नका. गायकीला तसं सांगून ठेवा. कोठ्यात तणस-चारा घाला आणि त्याचं शेण गोवऱ्यांना किंवा गोबरगॅसला वापरा, नाहीतर खताच्या खड्ड्यात खाली दाबा. उघड्यावर पडू दिलं नाही की किडे त्यावर येत नाहीत.

गटात एक करून पाहा. सुई दिलेल्या जनावराचा एक पो आणि न दिलेल्याचा एक, दोन्हींजवळ काठी रोवा, तारीख लिहा. तीन आठवड्यांनी खालची माती हातभर उकरा आणि गोळे फोडून बघा. मुलींना बरोबर घ्या, त्यांचे डोळे आपल्यापेक्षा बारीक असतात. काय निघालं ते केंद्रावर कळवा. त्या सहावीतल्या मुलीनं यंदाच्या काठ्या आत्ताच तासून ठेवल्या आहेत.