आवाज वाटेत हरवू नये म्हणून
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत आयुष्य गेलं, तेव्हा हे आता व्याजदरावर बोलणार, अशा धास्तीनं काही मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत. घाबरू नका. मी या पत्र्याच्या डबीबद्दल बोलणार आहे.

रौप्यमहोत्सवासाठी जुन्या सभासदांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं ठरलं आणि ते काम मी हौसेनं अंगावर घेतलं. सुरुवात अर्थातच आपल्या पहिल्या सचिवांपासून केली. प्लॉट कसा मिळाला, 2012-13 च्या दुष्काळात टँकरचं पाणी घरटी मोजून कसं वाटलं, ते सगळं ते चाळीस मिनिटं बोलले. गणपतीत वापरतो तोच माइक हॉलमध्ये लावला होता. त्याची लांब वायर भिंतीकडेनं, ट्यूबलाइटच्या वायरिंगला चिकटून, ऑफिसातल्या संगणकाच्या 'लाइन इन'मध्ये घातली होती.

संध्याकाळी ऐकतो तर नुसती घुंऽऽ. आवाज वाढवला की घरघरही वाढे. चूक माझीच. साहेब म्हणाले, "हरकत नाही हो, पुढच्या रविवारी परत बसू." तो रविवार काही आला नाही, हे तुम्ही जाणताच.

ती रुखरुख मला झोपू देईना. कॉलेजात विज्ञान शिकलो होतो, ती धूळ झटकली.

आपला माइक डायनॅमिक जातीचा. आत पातळ पडदा, त्याला तारेचं वेटोळं आणि भोवती लोहचुंबक. बोललं की पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि वीज तयार होते. फॅरडेनं 1831 मध्ये शोधलेलं तेच तत्त्व. त्याला बाहेरून वीज लागत नाही, पण तो देतो किती? जवळून बोललं तरी एक-दोन मिलिव्होल्ट. लाइन इनला त्याच्या शंभरपट तरी हवेत. एवढंसं भांडवल घेऊन तो आवाज लांब वायरीतून निघाला. वाटेत घरातल्या विजेची 50 सायकलची घरघर त्यात मिसळली. मग शेवटी वाढवून काय उपयोग? आवाजाबरोबर घरघरही तितकीच वाढणार. वाढवायचं ते निघतानाच, माइकपाशी. याला म्हणतात प्री-अँप्लिफायर.

सामान संभाजीनगरहून आणलं. मुख्य म्हणजे 5534 नावाची, कमी खरखर करणारी आयसी. 10 किलोओहम आणि 100 ओहम अशा दोन रेझिस्टरांनी तिची वाढ ठरते. पहिल्याला दुसऱ्यानं भागा, एक मिळवा, 101 पट. 100 ओहमच्या मागे 220 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे फक्त आवाज वाढतो, बॅटरीचा स्थिर दाब नाही. आणखी दोन सारखे रेझिस्टर लावून 9 व्होल्टचे साडेचार केले, कारण आवाजाच्या लाटेला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते. आत येताना-बाहेर जाताना एकेक कपॅसिटर. एवढाच पसारा.

"अ‍ॅडॉप्टर का नाही लावला?" असं नातवानं विचारलं. अरे, ज्या घरघरीला हाकलायचं, तिलाच पुढच्या दारानं का बोलवायचं? शिवाय ही चार-पाच मिलिअँपिअरच खाते, 9 व्होल्टची बॅटरी कितीतरी बैठका पुरते. वीज गेली तरी डबी चालू! डबी पत्र्याची, आणि पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला, म्हणजे बाहेरचा उपद्रव आत येत नाही.

माझा हात आता थरथरतो. सोल्डरिंग करताना वायर नातू धरायचा. पहिल्यांदा बॅटरी उलटी जोडली आणि आयसी गेली. सौ. म्हणाल्या, "लोक निवृत्तीनंतर तीर्थयात्रा करतात, तुम्ही धूर करा." दुसऱ्या आयसीला मात्र यश आलं.

मग तळमजल्यावरच्या काकूंना हॉलमध्ये बसवलं. वय शहाऐंशी, आवाज वातीसारखा बारीक. माइक तोंडाशी, डबी मांडीशेजारी. वायर तीच, संगणक तोच. त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मध्येच थांबून आईची आठवण सांगितली. मधला श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येतो.

कुणी म्हणेल, मोबाइल आहे की! आहे, वापरा. पण लांब ठेवलेला मोबाइल पंखाही ऐकतो. हा माइक तोंडाजवळ धरला की मुख्यतः माणूस ऐकतो.

साहेबांचा आवाज मी परत आणू शकत नाही. ती थकबाकी माझ्या नावावर राहील. पण डबी उद्यापासून सोसायटीच्या ऑफिसात आहे, भाडं नाही, डिपॉझिट नाही. घरात आजी-आजोबा असतील तर पुढच्या रविवारवर टाकू नका.

आता मी बसतो. दोन मिनिटं काकूंना ऐकू या. त्या पहिल्या रांगेतच आहेत, टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा.