मुंबईची सागवानी नौका



‘सुहेली’ ही अवघी ३२ फुटी सागवानी नौका मुंबईच्या कारागिरांनी घडविली. तिला घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडच्या फालमथ बंदरातून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. वाटेत पिण्याचे पाणी नासले. त्यांनी पावसाचे साठविले. सुकाणू आपोआप सांभाळणारी योजना मोडली. पण खरी व्यथा निराळीच. बिनतारी यंत्रावर ऐकू येई, बोलता येत नसे. नोव्हेंबरात न्यूझीलंड मागे पडले, तेव्हापासून एप्रिलपर्यंत घरी खुशाली नाही! पत्र लांबले की आपल्या आया दाराशी कशा घुटमळत, ते आठवावे.

२२ एप्रिल १९६९. फालमथला जकात अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, ‘कोठून आलात?’

उत्तर आले, ‘फालमथहून.’