भट्टीचा उजेड आणि छायाचित्र



मी सातवीपर्यंत शिकलेला, युनियनचे काम करणारा मनुष्य. छायाचित्रणावर हा काय बोलणार, असे आपल्या मनात आले असेल. पण फौंड्रीतल्या धुळीविषयी तक्रार करावयाची तर पुरावा लागतो; आणि आमच्या पुराव्यात एक तर भट्टी पांढरीफटक यावयाची, नाही तर माणसे काळीठिक्कर. डोळ्यांना दिसते ते सारे कॅमेऱ्याला एका दमात पेलत नाही.

उजेड दुप्पट झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट! अडचण जुनीच आहे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५०च्या दशकात समुद्राची चित्रे काढताना आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी जोडून एकच छाप काढला होता. आज तेच काम संगणक करतो. फोटोशॉपमध्ये ही सोय २००५ साली आली.

कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवावा. छिद्र तेच ठेवून फक्त शटरचा वेळ बदलावा आणि तीन चित्रे घ्यावीत : एक बेताचे, एक दोन स्टॉप काळोखे, एक दोन स्टॉप उजळ. संगणक तिन्हींतून उजेडाचा हिशेब जुळवतो. तो सारा हिशेब पडद्यावर मावत नाही, म्हणून दाबून बसवावा लागतो. येथे हात आवरावा. नाही तर फौंड्रीसुद्धा लग्नाच्या मांडवासारखी दिसू लागते.

खरी गोम पुढेच आहे. यंत्र जागचे हलत नाही, माणूस हलतो. तीन चित्रांत तो तीन ठिकाणी असतो, आणि जोडचित्रात त्याचे भूत होते. भुते काढण्याची खूण केली की संगणक हलत्या जागेपुरते एकच चित्र प्रमाण मानतो. मी ती खूण केली. वाळूची पाटी नेणारा गडी दुसऱ्या चित्रात होता, तो साफ नाहीसा झाला. बैठकीत समोरच्या साहेबांनी चित्र पाहिले आणि विचारले, “येथे धूळ खाणारा माणूस आहे कोठे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. कित्येक मोबाईल तर अशी जोडणी न विचारताच करतात.

तेव्हापासून जोडचित्राबरोबर मूळ तिन्ही चित्रे मी देतो. शटर दाबण्यापूर्वी गड्यांना म्हणतो, “दादा, क्षणभर थांबा.” ते म्हणतात, “मुकादम थांबू देईल तर ना!”