विंचवाचा दंश आणि हृदय

धरणगावच्या शिवारात पऱ्हाट्या उचलताना, अंधारात चपलेत पाय घालताना लाल विंचू डसू शकतो. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली, की विष हृदयावर ताण आणत आहे असे समजा. पुढे फुफ्फुसांत पाणी होते, दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून अनेकांचे प्राण वाचवले. सोबत प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, हे त्यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसले. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. मंत्र-उताऱ्यात वेळ दवडू नका. लहान मुलांना धोका जास्त; लगेच १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा.