बायकांना कोणी विचारलं?

(विहाराच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कापड गिरणीत साच्यावर उभे राहणारे कामगार. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते पाळीवरून सुटल्यावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. आज आम्ही एका चुकीबद्दल बोलणार आहोत आणि ती चूक आमची स्वतःची आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. आमचे वडील नोकरीनिमित्त तिकडून जव्हारला आलेले. त्या पावसाळ्यात आमची आत्या दोन पोरं घेऊन इथे एसटीतून उतरली. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. तिच्याजवळ एक पितळी तांब्या होता, बाकी काही नव्हतं, एवढंच आठवतं.

पुढे आम्ही मोठे झालो, चळवळीत आलो. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी आम्ही भाषण करतो. घरे कशी जाळली, शहीद कोण झाले, सगळं तोंडपाठ. आत्या समोर सतरंजीवर बसून ऐकायची. हिला एकदा विचारावं, हे आमच्या कधी मनातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्या गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्हाला ठाऊक आहे का? त्या रात्री आत्या ओढ्यात लपून बसल्या होत्या. धाकटी रडली तर सापडू म्हणून रात्रभर तिच्या तोंडावर हात दाबून. उजाडल्यावर हात काढला, पण पोर जिवंत आहे की नाही ते बघायची त्यांना हिंमत होईना." तांदूळ निवडता निवडता आत्याने हे सांगितलं होतं. एकदाच.

ऐकून आम्ही मटकन खाली बसलो. एवढी वर्षे आम्ही भाषणे ठोकली आणि साक्ष आमच्याच स्वयंपाकघरात होती. ती धाकटी म्हणजे आमची आतेबहीण. तिला विचारूनच हे सांगतो आहोत. सांगा म्हणाली, पण नाव नको म्हणाली. म्हणून नाव घेत नाही.

ही न विचारण्याची रीत फार जुनी आहे. शाक्यांच्या संहाराची कथा आपण ऐकलेली आहे. अट्ठकथेत असे सांगितले आहे की, शाक्यांनी राजा पसेनदीला फसवून दासीची मुलगी वासभखत्तिया राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी आला. त्याची पाठ वळताच तो बसला होता ते आसन शाक्यांनी दुधपाण्याने धुवून घेतले. ते त्याला कळले आणि पुढे त्याने शाक्यांची कत्तल केली. विटाळातून संहार होतो, हा बोध आपण घेतो. पण ती दासी, वासभखत्तियाची आई नागमुंडा? पोटची पोर अशी फसवणुकीसाठी दिली गेली तेव्हा तिच्यावर काय गुजरले? कथा सांगणारा थांबत नाही, आपणही थांबत नाही.

पण त्याच परंपरेत थेरीगाथा आहे. त्यात ७३ रचना आहेत आणि तिथे थेरी स्वतःच्या तोंडाने बोलतात. नवरा, लेकरं, आईबाप, सगळं गमावलेली पटाचारा तिथे आहे. म्हणजे बाईचं बाईच्या तोंडून ऐकणं ही आपल्या घरचीच रीत. ती आपण विसरलो.

आता जरा जगाकडे बघू. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला. मेलेल्यांचा आकडा आठ लाखांच्या आसपास सांगतात. संयुक्त राष्ट्रांनी त्यासाठी न्यायाधिकरण नेमले. टांझानियातल्या अरुशा शहरात अकायेसू नावाच्या नगरप्रमुखावर खटला चालला. पहिल्या आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता! १९९७ साली साक्षीला आलेल्या बायका खुनाबरोबर तेही सांगू लागल्या. न्यायासनावर नवनीतम पिल्ले या एकट्या बाई न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेतल्या तमिळ घरातल्या. त्यांनी पुढे प्रश्न विचारले. आरोपपत्र दुरुस्त झाले. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हेही वंशसंहाराचे हत्यार असू शकते, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा मानले. त्या साक्षीदारांची नावे उघड केली नाहीत, नुसत्या अक्षरांनी त्यांना ओळखले गेले. नाव झाकलेले राहिले, पण शब्द कायदा झाला.

आपल्या महाराष्ट्रात २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. सुरेखाताई भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना ठार मारले. कायद्याच्या भाषेत याला वंशसंहार म्हणता येत नाही, ती एका कुटुंबाची कत्तल होती. पण बायकांची बाजू बुडवण्याची तऱ्हा तीच. २००८ साली खालच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली. २०१० साली नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेवर आणली. खून सिद्ध झाला, पण अ‍ॅट्रॉसिटीचे कलम टिकले नाही. बायकांच्या अब्रूवर हात घातल्याचा आरोपही टिकला नाही.

आणि आपण काय केलं? मोर्चे काढले, ते बरोबरच होतं. आम्हीही होतो. पण आपण त्या मायलेकींचे नुसते देह आठवतो. सुरेखाताईंनी जमिनीसाठी झगडा दिला, पोरीला शिकवलं. आधी झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात मायलेकींनी पोलिसांना मारणाऱ्यांची नावे सांगितली, आणि त्याचा राग त्यांच्यावर निघाला. त्या बळी होत्याच, पण त्याआधी त्या साक्षीदार होत्या. आपल्या फलकावर हे कुठे लिहिलं आहे?

आपल्याच तालुक्यातलं बघा. १९९२-९३ साली वावर-वांगणीत कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. ही कत्तल नव्हे, पण मोजायची रीत पुन्हा तीच. मुलांचे आकडे सगळीकडे छापून आले. त्या आयांपाशी जाऊन, "बाई, त्या दिवसांत तू काय काय केलंस," असं आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? आम्ही तर नाहीच.

विचारलं तर मिळतं, याचा दाखला आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. त्या गेल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी बाया नावासकट विसरल्या गेल्या असत्या.

म्हणून आमची समितीला विनंती आहे. विहारात एक वही ठेवावी. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांकडे आपल्या शिकलेल्या लेकी-सुनांनी जावं. पुरुषांनी त्यात तोंड घालू नये. स्टेजवर बोलावू नये, चुलीपाशी, ओट्यावर बसावं. ती बोलेल तसंच लिहावं, त्याला सभेची भाषा चिकटवू नये. लिहिलेलं तिला वाचून दाखवावं. नाव घालायचं की नाही ते तिनं ठरवावं. गप्प राहिली तर पाणी पिऊन उठावं, खोदू नये. आणि काय सोसलं एवढंच विचारू नये. पोरं कशी वाचवली, चूल पुन्हा कशी पेटवली, तेही विचारावं.

या विहाराच्या पायासाठी ज्यांनी डोक्यावरून पाणी वाहिलं, त्या आमच्या जुन्या स्मरणिकेत 'व इतर महिला मंडळ' झाल्या आहेत. ती यादी आम्हीच केली होती. या वेळी नावे घालू.

येत्या १४ जानेवारीला आम्ही भाषण करणार नाही. त्या दिवशी वहीतलं जे वाचायची परवानगी मिळेल ते आपल्या मुली वाचतील. आम्ही सतरंजीवर बसून ऐकू.

जय भीम! नमो बुद्धाय!